दुखत नसलेल्या जबड्यांकडे बघताना

एमडीएसला, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर शिक्षणात, थीसिसचा विषय ठरला आणि मी फोनवर घरी सांगितलं, तेव्हा आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, अगं पण ज्यांना काही झालेलंच नाहीये त्यांच्या जबड्यात तू बघणार काय? विषय होता निरोगी प्रौढांच्या जबड्याच्या सांध्याचा सीबीसीटीवर (हाडं बारकाईने दाखवणारा एक प्रकारचा सीटी स्कॅन) अभ्यास, म्हणजे खालच्या जबड्याचा गोळा वरच्या खोबणीत नक्की कुठे बसतो, त्याचा आकार कसा असतो, दोघांच्या मधे जागा किती राहते हे मोजायचं. मी काहीतरी उत्तर दिलं, की नॉर्मल माहीत नसेल तर ॲबनॉर्मल कसं कळणार वगैरे, जे गाईड मॅडमनी सिनॉप्सिस लिहिताना आम्हाला सांगितलं होतं तेच. पण आईच्या प्रश्नात किती दम होता ते मला नंतर हळूहळू कळत गेलं. ओरल रेडिओलॉजीत इतकी वर्षं काढल्यावर आज मला अगदी मनापासून वाटतं की या एवढ्याशा सांध्याच्या बाबतीत वैद्यकशास्त्राकडून जे घोळ झाले, त्यातले कितीतरी निरोगी माणसं नीट बघायच्या आधीच आजारी माणसांवर उपचार सुरू केल्यामुळे झाले. त्याबद्दलच लिहायचंय, जरा लांबेल.

आधी सांधा समजून घेऊ. दोन्ही कानांच्या अगदी पुढे बोटं ठेवा आणि तोंड सावकाश उघडा. बोटाखाली काहीतरी हलतं, ते म्हणजे खालच्या जबड्याचं वरचं टोक, त्याला कंडाईल म्हणतात. आडवा साधारण १५ ते २० मिलिमीटर आणि पुढून मागे जेमतेम ८ ते १० मिलिमीटर, म्हणजे गोळा म्हणतो आपण पण खरं तर तो लांबट आडवा कांडा असतो, आणि तोही सरळ आडवा नसतो, आतलं टोक जरा मागे वळलेलं. डाव्या आणि उजव्या कंडाईलच्या लांबीच्या रेषा आत वाढवत नेल्या तर त्या कवटीच्या तळाला मज्जारज्जू बाहेर पडायला जे मोठं भोक असतं त्याच्या पुढच्या काठाजवळ एकमेकींना भेटतात. पहिल्यांदा मी स्क्रीनवर त्या रेषा ओढून बघितल्या तेव्हा फार छान वाटलं होतं. पुस्तकात वाचलेलं होतं तरीसुद्धा.

आता तोंड उघडताना काय होतं तर सुरुवातीला साधारण २० ते २५ मिलिमीटर उघडेपर्यंत कंडाईल जागच्या जागी फिरतो, बिजागरीसारखा, आणि त्यानंतर तो चक्क आपली खोबण सोडून पुढच्या उंचवट्यावरून खाली घसरत जातो आणि मग कुठे ४०-५० मिलिमीटर तोंड उघडतं. गुडघा किंवा खांदा असा रोज आपली जागा सोडून बाहेर गेला तर आपण त्याला सांधा निखळला म्हणू, इथे मात्र घास घेताना, जांभई देताना, मोठ्याने हसताना ते होतंच आणि व्हायलाच पाहिजे. शिवाय हे दोन सांधे एकाच हाडाच्या दोन टोकांना आहेत, डावा हलला की उजव्याला हलावंच लागतं. दोघांच्या मधे एक चकती असते, डिस्क म्हणतो आम्ही, मधे पातळ आणि पुढच्या-मागच्या कडांना जाड, मागची कड जास्त जाड. ही चकती सांध्याचे दोन कप्पे करते, खालच्या कप्प्यात फिरणं होतं आणि वरच्या कप्प्यात घसरणं. चकतीच्या मधल्या भागात रक्तवाहिन्या नाहीत, नसा नाहीत, म्हणून तिथे दाब पडला तरी दुखत नाही. चकतीच्या मागचा मऊ भाग मात्र नसा-रक्तवाहिन्यांनी भरलेला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अजून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. खोबणीचं छप्पर इतकं पातळ असतं की सुकी कवटी उजेडासमोर धरली की त्यातून उजेड दिसतो, आणि त्या छपराच्या वर थेट मेंदू. म्हणजे चावण्याचा जोर तिथे जातच नाही, तो जातो पुढच्या उंचवट्याच्या मागच्या उतारावर, जिथे हाड जाड आहे. आणि हा सांधा कानाला इतका चिकटून का, तर सस्तन प्राणी घडत असताना जबड्याचा जो जुना सांधा होता त्याची हाडं लहान होत होत मधल्या कानात गेली आणि ऐकायच्या कामाला लागली, आपल्या कानातल्या तीन हाडांपैकी दोन ही तीच. जर्मन शरीरशास्त्रज्ञ रायखर्टने १८३७ मध्ये भ्रूणांचा अभ्यास करून हा संबंध दाखवला. आमच्या ओपीडीत कान दुखतो म्हणून आधी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलेले इतके लोक येतात, कारण सांध्याची नस आणि कानापुढच्या भागाची नस एकच. ते बिचारे सांगतात, कान अगदी स्वच्छ आहे म्हणाले.

या कानावरूनच सगळं सुरू झालं म्हणायला हरकत नाही. १९३४ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसचे कान-नाक-घशाचे डॉक्टर जेम्स कॉस्टेन यांनी एक लेख लिहिला, ११ पेशंटवर. कान दुखणं, कानात आवाज, चक्कर, जबड्याभोवती दुखणं, असं सगळं एकत्र करून त्यांनी सांगितलं की दाढा पडल्या की कंडाईल मागे-वर सरकतो आणि तिथल्या नसांवर, कानाच्या नळीवर दाब देतो. त्याला कॉस्टेन सिंड्रोम नाव पडलं आणि दातांची उंची वाढवून चावा सुधारण्याचं मोठं पीक आलं. पुढे हॅरी सिचरसारख्या शरीरशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की तिथली रचना बघता असा दाब पडणं पटत नाही. पण मला नेहमी वाटतं ते वेगळंच, की त्या ११ जणांच्या शेजारी दाढा पडलेले पण काहीही न दुखणारे दुसरे ११ जण बसवले असते तर? आपल्याकडे खेडोपाडी निम्म्या दाढा गेलेली, हिरडीने शेंगदाणे चावणारी म्हातारी माणसं काय कमी आहेत? त्यातल्या कितीतरी जणांच्या कानात कधी काही वाजत नाही. कॉस्टेनना मी दोष देत नाही, त्यांनी समोर आलेल्या माणसांचं दुखणं खरं मानलं, ते मोठंच काम. पण आजारी माणसांत जे दिसलं तेच आजाराचं कारण, असं धरून चालायची सवय तिथून जी लागली ती बराच काळ गेली नाही.

निरोगी माणूस बघायचा म्हणजे बघायचा तरी कसा, हीसुद्धा अडचण होतीच. दवाखान्यात येतो तो आजारी. शरीरशास्त्राच्या टेबलावर येतो तो मेलेला, आणि बहुतेकदा वय झालेला, दात गेलेला. सुकी कवटी घेतली तर चकती कधीच कुजून गेलेली असते, मग कंडाईल खोबणीत जिथे बसतो असं वाटतं तिथे तो जिवंतपणी नव्हताच. म्हणजे पंचविशीतल्या, सगळे दात शाबूत असलेल्या, भाकरी-ऊस आरामात चावणाऱ्या माणसाचा सांधा आतून कसा दिसतो हे बघायचं तर फोटोच पाहिजे. साध्या एक्सरेत इथे सगळी हाडं एकावर एक येतात. १९४० च्या दशकात डेन्मार्कच्या फ्लेमिंग नॉरगार्डनी सांध्यात औषध टोचून चकतीची सावली बघायला सुरुवात केली, पण निरोगी माणसाच्या सांध्यात सुई कोण घालून घेणार आणि आपण तरी का घालावी. मग टोमोग्राफी आली, हाडाचा एकेक थर वेगळा करून दाखवणारी. ८० च्या दशकात सीटी आणि एमआरआय या सांध्यापर्यंत पोचले. १९९८ मध्ये इटलीतल्या मंडळींनी कोन-बीम सीटीवरचा पहिला पेपर दिला, म्हणजे सीबीसीटी, ज्यात यंत्र डोक्याभोवती एकदा फिरतं आणि साध्या सीटीपेक्षा बऱ्याच कमी रेडिएशनमध्ये हाड इतकं बारीक दिसतं की ०.२ मिलिमीटरचा ठोकळा वेगळा ओळखता येतो. आता आपल्याकडे तालुक्याच्या गावातसुद्धा सीबीसीटी सेंटर दिसतं.

माझं काम होतं मोजायचं. बाहेरून फार कंटाळवाणं दिसतं ते. आधी डोकं सॉफ्टवेअरमध्ये सरळ करायचं, डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या भोकाची वरची कड जोडणारी रेषा जमिनीला समांतर येईपर्यंत. मग आडव्या कापात कंडाईल सगळ्यात रुंद जिथे दिसतो तो काप शोधायचा, त्याच्या लांबीवर रेषा टाकायची आणि त्या रेषेला काटकोनात उभे काप काढायचे. या सरळ केलेल्या कापात तीन जागा मोजायच्या, कंडाईलच्या पुढची, वरची आणि मागची. एका बाजूला दोन-अडीच मिलिमीटरची काळी फट आणि दुसऱ्या बाजूला तुमचा माऊस धरलेला हात. प्रत्येक माप काही दिवसांनी पुन्हा घ्यायचं, आधीचं न बघता, आणि दुसऱ्या कुणाकडून तरी पण घ्यायचं, कारण अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे झाला तर तिथे टक्केवारी पार बदलते. डोळ्यात तेल घालून बसावं लागतं. मला मात्र ते काम आवडायला लागलं, रात्री कॉलेज रिकामं झाल्यावर मी आणि तो मॉनिटर. एकामागून एक लोकांचे सांधे. आणि एकसारखे दोन नाहीत!

हे मी अतिशयोक्ती म्हणून सांगत नाहीये. १९६० च्या दशकातच येल नावाच्या संशोधकाने समोरून बघितल्यावर कंडाईलचे मुख्य चार आकार सांगितले होते, फुगीर, चपटा, टोकदार आणि गोल. मी आपली या चार खान्यांत एकेक टाकत गेले आणि लक्षात आलं की एकाच माणसात डावा फुगीर आणि उजवा चपटा असतो. कुणाचा उंचवटा इतका उभा की वाटावं हा माणूस तोंड उघडतो कसा, आणि कुणाचा इतका सपाट की जवळजवळ नाहीच. कुणाच्या उंचवट्यात हवेच्या पोकळ्या. क्वचित एखाद्या कंडाईलच्या डोक्यावर मधोमध खाच, जणू दोन डोकी असावीत. ही सगळी माणसं अक्कलदाढेसाठी, दाताच्या इम्प्लांटसाठी आलेली, जबड्याची कसलीही तक्रार नसलेली. माझ्या डोक्यात पुस्तकातल्या चित्रातला एक सुबक सांधा होता, तो मला त्या सगळ्या स्कॅनमध्ये फारसा भेटलाच नाही.

बरीच वर्षं डेंटिस्ट मंडळी मानत होती की कंडाईल खोबणीच्या अगदी मधोमध असला पाहिजे, पुढे-मागे सरकलेला दिसला की काहीतरी बिघडलंय. मग १९८५ मध्ये पुलिंजर आणि सहकाऱ्यांनी लक्षणं नसलेल्या लोकांची टोमोग्राफी केली. मधोमध असलेले बरेच होते हे खरं, पण पुढे असलेले आणि मागे असलेलेही भरपूर निघाले, कसलाही त्रास नसताना. म्हणजे नुसत्या जागेवरून आजार ठरवता येत नाही. नंतर २००९ मध्ये जपानच्या इकेदा आणि कावामुरा यांचा एक अभ्यास आला जो मी थीसिसच्या काळात इतक्यांदा वाचला की पानं सुटी झाली. त्यांनी फक्त अशी माणसं घेतली ज्यांना त्रास नाही आणि शिवाय एमआरआयवर चकतीही जागेवर आहे, २२ माणसांचे २४ सांधे. त्यात सरासरी जागा आली पुढे १.३, वर २.५ आणि मागे २.१ मिलिमीटर. पहिल्यांदा वाचताना हे नुसते आकडे वाटले. पण चकती आठवा, मधे पातळ आणि मागची कड जाड. ती जाड कड कंडाईलच्या बरोबर डोक्यावर बसते, म्हणून वरची जागा सगळ्यात मोठी, आणि पातळ मधला भाग पुढच्या उताराशी येतो म्हणून पुढची जागा सगळ्यात लहान. सीबीसीटीत चकती दिसत नाही, फट काळी दिसते. तरी ती फट रिकामी नाही, तिच्यात चकती आहे, सांध्यावरचं कूर्चेचं अस्तर आहे, थोडं द्रव आहे. हाडांच्या मधल्या अंधाराची मापं घेऊन न दिसणाऱ्या चकतीचा आकार कळतो, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. मात्र २४ सांधे म्हणजे २४च, त्यावरून सांगली-साताऱ्यातल्या सगळ्यांचं नॉर्मल ठरवणं बरोबर नाही, आणि काही ठिकाणी मी ते ठरवलेलं बघितलंय, स्कॅनवर दोन रेषा मारून पेशंटला सांगतात की तुमचा कंडाईल अर्धा मिलिमीटर मागे आहे, स्प्लिंट, म्हणजे दातांवर बसवायची प्लास्टिकची पट्टी, घालावी लागेल.

आता एमआरआय. चकती प्रत्यक्ष बघायची तर हाच मार्ग आणि रेडिएशन शून्य, त्यामुळे निरोगी माणसाला या यंत्रात घालताना मनाला टोचणी नाही. आधी तोंड मिटून फोटो, मग उघडून फोटो, तोंड उघडं राहावं म्हणून दातात काहीतरी धरायला देतात, आपल्याकडे बऱ्याच सेंटरमध्ये प्लास्टिकची सिरिंजच देतात. १९९० मध्ये ड्रेस आणि एन्झमन यांनी लक्षणं नसलेल्या लोकांचे असे एमआरआय काढून नॉर्मल चकतीची व्याख्या करायचा प्रयत्न केला, की मागची कड घड्याळातल्या बाराच्या जागेपासून दोन्हीकडे १० अंशांच्या आत पाहिजे. दुसऱ्यांनी नंतर म्हटलं की १० फार कडक होतात, ३० पर्यंत चालेल. बघा म्हणजे, रेषा कुठे मारायची यावरून तीच माणसं निरोगी की आजारी ते बदलतं.

आणि मग १९९६ चा कॅट्झबर्ग यांच्या गटाचा अभ्यास. माझ्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो निरोगी लोकांमुळेच महत्त्वाचा. ७६ माणसं घेतली ज्यांना दुखत नाही, अडकत नाही, आणि १०२ पेशंट घेतले. पेशंटमध्ये ७७ टक्के लोकांची चकती सरकलेली निघाली. इथे थांबलं असतं तर सगळे म्हणाले असते, झालं, कारण सापडलं. पण न दुखणाऱ्यांमध्येसुद्धा ३३ टक्क्यांची चकती सरकलेलीच होती. तीनात एक माणूस! चकती सरकलीय आणि तो मजेत जेवतोय, गप्पा मारतोय, त्याला गंधवार्ता नाही. सरकलेल्या चकतीच्या मागचा जो मऊ भाग कंडाईल आणि खोबणीच्या मधे येतो तो बऱ्याच जणांत हळूहळू घट्ट होत चकतीसारखंच काम करायला लागतो, शरीर आपलं आपण जमवून घेतं. सगळ्यांत घेत नाही, आणि ज्यांच्यात नाही जमत त्यांचे हाल मी बघितलेत, त्या मऊ भागावर दाब आला की घास चावताना डोळ्यात पाणी येतं. पण फोटो बघून हा कोणत्या गटातला ते सांगता येत नाही.

हे आकडे दहा-पंधरा वर्षं आधी मिळाले असते तर काय झालं असतं हा विचार मला फार छळतो. कारण ७० च्या दशकाच्या शेवटी आणि ८० च्या दशकात चकती सरकलेली फोटोत दिसायला लागली आणि अमेरिकेत ऑपरेशनांचा सपाटा सुरू झाला, चकती शिवून जागेवर बसवायची नाहीतर काढून टाकायची, आणि काढली तर तिच्या जागी काहीतरी घालायचं. ते काहीतरी म्हणजे प्रोप्लास्ट-टेफ्लॉन या कृत्रिम पदार्थाचे इम्प्लांट, १९८३ पासून बाजारात. रोज हजारदा चावणाऱ्या सांध्यात ते टिकलं नाही, झिजून त्याचे कण झाले, शरीराने त्या कणांवर हल्ला चढवला आणि त्या हल्ल्यात आजूबाजूचं हाडच खाल्लं गेलं, काहींच्यात तर खोबणीचं ते पातळ छप्पर सुद्धा. १९९१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, ते परत मागवले. तोवर कितीतरी लोकांचे, त्यात बायका जास्त, जबडे आयुष्यभरासाठी गेलेले होते. त्यातल्या कुणालाच ऑपरेशनची गरज नव्हती असं मी म्हणणार नाही, काही खरंच अडकलेले असतील. पण निरोगी माणसांतही तीनात एकाची चकती सरकलेली असते हे समोर असतं तर सर्जनने सुरी उचलण्याआधी आणखी थोडा विचार केला असता, एवढं तरी नक्की वाटतं मला.

बरं, निरोगी म्हणजे कोण हा प्रश्न तर मी अजून घेतलाच नाही. थीसिस करताना सगळ्यात जास्त वेळ यातच गेला. तोंड उघडत नाही असे आमच्या भागातले बहुतेक लोक सांध्यामुळे येत नाहीत, गुटखा-सुपारीने गालाची आतली कातडी आखडते त्यामुळे येतात, २०१२ ला महाराष्ट्रात गुटखाबंदी झाली तरी ओपीडीत रांग आहेच. त्यांचा सांधा चांगला असू शकतो, तरी त्यांना निरोगीत धरायचं का? नाही धरलं. तोंड व्यवस्थित उघडतं पण टक्क आवाज येतो, दुखत मात्र नाही, असे लोक? ते तर इतके असतात की त्यांना काढलं तर निम्मा वर्ग रिकामा होईल. आता जबड्याच्या सांध्याचे आजार ओळखायला २०१४ पासूनचे डीसी-टीएमडी नावाचे निकष सगळीकडे वापरतात, त्यात गेल्या ३० दिवसांत दुखलं का हे विचारतात, स्नायूवर एक किलोचा दाब आणि सांध्याच्या बाहेरच्या टोकावर अर्ध्या किलोचा, बोटाने, ठरलेले सेकंद, आणि विचारायचं की हे तुमचं ओळखीचं दुखणं आहे का. ओळखीचं, हे महत्त्वाचं. दाबलं की कुणालाही थोडं दुखतंच. हे निकष मला फार आवडतात कारण त्यात माणसाला विचारलं जातं.

सीबीसीटीचं मात्र असं आहे की नुसत्या अभ्यासासाठी निरोगी माणसाला एक्सरे देणं एथिक्स कमिटी सहजी मान्य करत नाही आणि करूही नये. डोस तसा कमी, यंत्र आणि किती भाग घेतला त्याप्रमाणे काही दहा ते काही शे मायक्रोसिव्हर्ट, तर जगात सरासरी माणसाला निसर्गातूनच वर्षाला साधारण २.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे २४०० मायक्रोसिव्हर्ट मिळतात. तरी ज्याला त्यातून काहीच फायदा नाही त्याला का द्यायचा? म्हणून बहुतेक जण, मीसुद्धा, दुसऱ्या कारणाने काढलेले जुने स्कॅन वापरतो. आणि मग त्या माणसाचा सांधा खरंच निरोगी होता हे कशावरून ठरवायचं, तर केसपेपरवर काय लिहिलंय त्यावरून. केसपेपरवर जबड्याबद्दल काहीच लिहिलं नाही म्हणजे काही नव्हतं, की कुणी विचारलंच नाही? आम्ही शक्य तेवढ्यांना पुन्हा बोलावून तपासलं, पण सगळे अभ्यास हे करत नाहीत आणि वाचताना मला आता आधी तेच बघायची सवय लागलीय. एमआरआयच्या अभ्यासात वेगळी गंमत होते, स्वयंसेवक कोण मिळतात तर कॉलेजचेच विद्यार्थी. म्हणजे निरोगी प्रौढ म्हणून जो आपल्यापुढे येतो तो बऱ्याचदा बाविशी-पंचविशीतला, शिकलेला, सगळे दात असलेला मुलगा किंवा मुलगी. कंडाईलच्या हाडावरचं कडक कवच पुरतं तयार व्हायलाच विशी उलटते, मग साठीतल्या माणसाला या मुलांच्या मापाने मोजून काय साधणार? त्याच्यात थोडा चपटेपणा, एखादी खडबडीत कड दिसणारच, पुरता तयार झाल्यावर चाळीस वर्षं वापरलेला सांधा आहे तो. शिवाय सीबीसीटी बहुतेकदा बसून किंवा उभं राहून काढतात आणि एमआरआय उताणं झोपून, झोपल्यावर जबडा जरा मागे जातो, म्हणजे एकाच माणसाची दोन यंत्रांतली मापं सुद्धा तंतोतंत जुळायची अपेक्षा धरू नये.

मागे एक मुलगी आली होती, पुण्यात आयटीत काम करणारी, डोकं दुखतं म्हणून कुणीतरी जबड्याचा एमआरआय सांगितलेला. रिपोर्टमध्ये एक ओळ, दोन्ही बाजूची चकती पुढे सरकलेली आहे, तोंड उघडल्यावर जागेवर येते. त्या ओळीखाली बाकी काही नाही. तिने ती ओळ नेटवर टाकून रात्रभर वाचलं आणि दुसऱ्या दिवसापासून भाकरी बंद, चपाती बंद, मोठ्याने हसणं बंद, खिचडी आणि सूप. महिने गेले असे. मी तपासलं तर तीन बोटं आरामात उभी मावत होती तोंडात, दाबून कुठे ओळखीचं दुखणं नाही, फक्त टक्क आवाज, जो तिला शाळेपासून आठवत होता. मी तिला तीनात एकाची गोष्ट सांगितली, कागदावर चकती काढून दाखवली, बहुतेकांचा हा आवाज वर्षानुवर्षं नुसता आवाजच राहतो हे सांगितलं. ती म्हणाली, मॅडम, मग हे रिपोर्टमध्ये का नाही लिहीत? मला त्यावर काही बोलता आलं नाही. तेव्हापासून मी माझ्या रिपोर्टमध्ये लिहिते, की असं चित्र त्रास नसलेल्या लोकांतही बऱ्याचदा दिसतं, लक्षणांशी जुळवून बघावं. काही डॉक्टरांना ती ओळ आवडत नाही, त्यांना रेडिओलॉजिस्टने सल्ला दिल्यासारखं वाटतं. वाटू दे. रिपोर्ट आधी पेशंट वाचतो, डॉक्टर नंतर.

सध्या आमच्याकडची एक पीजी विद्यार्थिनी पन्नाशीच्या पुढच्या, काही त्रास नसलेल्या लोकांचे एमआरआय घेणार आहे, त्याच्या कन्सेंट फॉर्मवरून आमचा वाद चाललाय. फॉर्ममध्ये लिहावं लागतं की तपासणीत काही अनपेक्षित सापडलं तर सांगणार की नाही. ती म्हणते सगळं सांगायचं, तो त्यांचा हक्क आहे. मी म्हणते हक्क आहेच, पण अंदाजे तीनातल्या एकाला आपण सांगणार की तुमची चकती सरकलीय, आणि सकाळी निरोगी म्हणून आलेला माणूस संध्याकाळी पेशंट होऊन घरी जाणार, त्याची जबाबदारी कोण घेणार. तिने यावर विचारलं की मग लपवायचं का, आणि तिचं बरोबर आहे, लपवायचं तर मुळीच नाही. बरंच लिहून-खोडून आता मसुदा असा झालाय की स्कॅनआधीच प्रत्येकाला समोर बसवून सांगायचं, तुमच्यासारख्या कुठलाही त्रास नसलेल्या कितीतरी लोकांत हा बदल दिसतो, तुमच्यात दिसला तर आम्ही सांगू, त्याच दिवशी बोटाने तपासून दाखवू, आणि दुखत नसेल तर जेवणात काहीही बदलायचं नाही. शेवटचं वाक्य कमिटीतल्या एका सरांना फॉर्मच्या भाषेत बसत नाही असं वाटतंय. ती म्हणते काढून टाकू या, अप्रूव्हल लवकर मिळेल. मी अजून सही केलेली नाही.